चष्म्याची खूण

जनसुनावणीच्या सकाळी भोंगेवाल्यांच्या घरी दोनदा चहा झाला आणि दोन्ही वेळा तो कपातच निवला. बोलायला विषय एकच होता आणि त्याला हात घालायची कुणाची तयारी नव्हती. नाना वर्तमानपत्राचं तेच पान उलटसुलट वाचत होते. मधला बाहेरच्या खोलीत वायरींची भेंडोळी तपासायचं निमित्त काढून बसला होता, आणि त्याची बायको भांडी जरा जास्तच जोरात ठेवत होती.

अक्का आज जिल्हा मंडळापुढे बोलणार होती. कुणालाही न विचारता तिने नाव दिलं होतं, ते मंडळाच्या फलकावर लागलं होतं आणि एव्हाना गावभर झालं होतं. ती घरातली थोरली, नदीअलीकडच्या दवाखान्यातली मुख्य परिचारिका. ज्या मंडळापुढे ती बोलणार त्यात तिचा सख्खा धाकटा भाऊ सभासद होता. आणि ज्या माईकवर बोलणार, तो माईक मधल्याचा. मंडळाची एकही सभा भोंगेवाल्यांच्या माईकशिवाय होत नसे. नानांनी तरुणपणी सायकलला एक भोंगा आणि एक बॅटरी बांधून धंदा सुरू केला तेव्हाच गाव त्यांचं आडनाव विसरलं, ते पुन्हा कुणाला आठवलं नाही. धाकटा निवडून आला तेव्हासुद्धा लोक म्हणाले, भोंगेवाल्यांचा पोरगा आला.

भांडण होतं दवाखान्यातल्या प्रसूती विभागाचं. तो बंद करून पलीकडच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचा, म्हणजे खर्च वाचेल, नव्या पुलाला पैसा लागेल आणि घरपट्टी वाढवावी लागणार नाही, असा ठराव धाकट्यानेच आणला होता. कागदावर सगळं झकास होतं. फक्त पूल व्हायचा होता. नदीत त्याचे खांब उभे होते, वरून सळया निघालेल्या, आणि त्यांच्यावर बगळे बसत. ठराव मंजूर व्हायच्या आधीच, 'बघू या तर जमतंय का' म्हणून रविवारी विभाग बंद ठेवायला सुरुवात झाली होती. आणि अशाच एका रविवारी भर दुपारी एक बाई दवाखान्याच्या दारात आली, दार बंद होतं, तिला जुन्या रस्त्याने वळसा घालून पलीकडे न्यावं लागलं. बाई वाचली. मूल गेलं.

एवढं गावाला माहीत होतं. रविवारी दार बंद ठेवा असं तोंडी कुणी सांगितलं, ते गाव नुसतं ओळखून होतं. अक्काला नक्की माहीत होतं, कारण सांगितलं होतं तिलाच.

धाकटा आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, थेट सभेला जायच्या तयारीने. लग्नानंतर तो नव्या वसाहतीत राहायला गेला होता, त्यामुळे या घरी आला की बसावं की उभं राहावं हे त्याला कळत नसे. आजही तो उभाच राहिला.

"अक्का," तो म्हणाला, "घरचं घरात बोलू. मी कुठे पळून चाललोय?"

"यात घरचं काय आहे?" अक्काने विचारलं. ती गणवेशाच्या बाह्या खाली करून बटणं लावत होती. "ती बाई काही आपल्या घरची नव्हती."

मग नानांनी पेपर खाली ठेवला. ते फार बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की भाऊ आहे, त्याला चारचौघांत मान खाली घालायला लावू नकोस, बाकी तुझं तू जाणतेस. अक्काने शेवटचं बटण लावलं. तिला बोल लावायचा झाला तर नाना कधी आवाज चढवत नसत, आणि म्हणूनच ते तिला लागे. वडील धाकट्याच्या बाजूला गेले हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं. राहिला मधला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने एका वायरीची गाठ सोडवायला घेतली.

मधल्याचा हा जन्माचा स्वभाव. नाही हा शब्द त्याच्या जिभेवर चढायचाच नाही. लहानपणी अक्का आणि धाकटा भांडली की तो दोघांच्याही बाजूने असायचा, आणि शेवटी मार खायचा तोच. मोठेपणी मार चुकला, एवढाच फरक.

निघता निघता अक्काने त्याला दारात गाठलं. दवाखान्यात येणाऱ्या बाया सभागृहात यायच्या नाहीत, म्हणाली, बुजतात. बाहेर अंगणातच उभ्या राहतील. माझा आवाज तिथपर्यंत जायला हवा. मधला म्हणाला, जाईल की, बाहेर दोन भोंगे लावतो, तू निवांत बोल. ती गेली आणि फाटकापाशी धाकट्याने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "दादा, तू आहेस ना तिथे?"

"आहे ना," मधला म्हणाला.

त्याची बायको खिडकीतून दोन्ही ऐकत होती. तो पेट्या उचलायला आत आला तेव्हा ती म्हणाली, "दोघांनाही हो म्हणालात. आता कुणाला खोटं पाडणार, ते ठरवून ठेवा." त्याला राग आला आणि तो पेटीच्या कडीवर चिडला.

'तू आहेस ना तिथे' याचा अर्थ समजायला धंद्याची एक गोष्ट सांगायला हवी. नानांनी मधल्याला काम शिकवलं ते शोकसभांपासून. शोकसभेत बोलणाऱ्याचा गळा दाटतो, हुंदका फुटतो, आणि तो हुंदका भोंग्यातून चौकभर जातो. बिचाऱ्याची शोभा होते. म्हणून नाना म्हणायचे, माणूस रडायच्या बेतात आला की आवाज हळूहळू उतरवायचा. झटकन नाही, कुणाला कळता कामा नये. त्याला रडून घेऊ द्यायचं, सावरला की पुन्हा चढवायचा. ही त्यांची माणुसकी होती आणि कसबही. मधल्याचा हात यात नानांपेक्षाही हलका निघाला. लोकांना वाटायचं, बोलणाऱ्याचाच आवाज बसला.

पुढे धाकटा सभासद झाला. एका सुनावणीत एक दारू प्यायलेला गडी माईकवर येऊन अध्यक्षबाईंना नको ते बोलायला लागला. धाकट्याने भावाकडे पाहिलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे मिटून घेतले, कंटाळून. मधल्याने आपसूक आवाज उतरवला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि नंतर धाकट्याने पाठ थोपटली. तिथून ती खूण झाली. आधी शिवराळ लोकांसाठी, मग लांबण लावणाऱ्यांसाठी, मग नळाला येणाऱ्या गढूळ पाण्याबद्दल तेच तेच विचारणाऱ्या मास्तरांसाठी, मग जो अडचणीचं बोलेल त्याच्यासाठी. चष्मा टेबलावर आला की मधल्याची बोटं बटणावर जात. माईकची थोडी शिट्टी वाजू द्यायची, आवाज उतरवायचा, उठून उगाच एखादी वायर हलवायची. तोवर बोलणाऱ्याची वेळ संपायची. यात वाईट आहे असं त्याच्या मनात आलंच नाही, असं नाही. पण मनात आलं की तो स्वतःला सांगायचा, आपण काय, माईकवाले. आणि एका गोष्टीचा तर त्याला छुपा अभिमान होता. दुसऱ्या कुणाचा माईक बिघडला की लोक 'आवाज, आवाज' म्हणून ओरडतात. त्याचा माईक असा बिघडला की कुणी ओरडत नसे. सभागृह मुकाट बसून राही. हात इतका हलका आहे की कुणाला कळतसुद्धा नाही, असं तो समजत असे.

सभागृह सकाळीच भरलं. वर व्यासपीठावर सभासदांची लांब मेज, मध्ये अध्यक्षबाई. त्यांच्या डाव्या हाताला टंकलेखिका, कानाला हेडफोन लावून. तिच्या हेडफोनची वायर मधल्याच्या मशीनमध्ये जायची. माईकमधून आलं तेवढंच तिच्या कानात जायचं आणि तिच्या कानात गेलं तेवढंच इतिवृत्तात उतरायचं. बाकीचं, मंडळाच्या लेखी, कुणी बोललंच नाही. मधल्याचं टेबल बाजूच्या भिंतीला, खिडकीशी. तिथून त्याला मेज दिसे, बोलायला येणाऱ्यांचा माईक दिसे, आणि खिडकीतून अंगण. अंगणात खरंच बाया जमल्या होत्या. काहींच्या कडेवर पोरं होती. त्या भोंग्याकडे बघत उभ्या होत्या.

नाना शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत बसले होते.

पहिला विषय घरपट्टीचा. एका दुकानदाराने दुकानाची मापं तोंडपाठ म्हणून दाखवली. एका म्हाताऱ्याने सांगितलं की अर्धं घर पडलंय, तर पट्टी तरी अर्धी करा. त्यावर हशा झाला आणि म्हाताऱ्यालाही स्वतःचं बोलणं आवडलं. मग मासळीवाली उठली. धिप्पाड बाई, बाजारात या टोकाला बोलली तर त्या टोकाला ऐकू जायचं. ती माईकपाशी आली, तो हाताने बाजूला सारला आणि म्हणाली, "मला नको हा. मी अशीच बोलते. माझा माझ्या गळ्यावर भरवसा आहे." सभागृह हसलं. मधलाही हसला, मान डोलावून, धंद्यावरची थट्टा खेळकरपणे घ्यावी तसा. मात्र टंकलेखिका हसली नाही. तिने हेडफोन काढला, वही ओढली आणि मासळीवालीचं बोलणं हाताने उतरवून घ्यायला लागली.

पुलाच्या धुळीचा विषय झाला, गटाराचा झाला. मग दवाखाना. अक्काच्या आधी एक-दोन नावं होती, तेवढ्यात ती उठून बाजूच्या बोळात गेली, आणि थोड्या वेळाने धाकटाही मेजेवरून उठून तिकडे गेला. काचेच्या दारातून मधल्याला दोघं दिसत होती, ऐकू काही येत नव्हतं. अक्का बोलत होती. धाकटा भिंतीला टेकून ऐकत होता, मग त्याने हात कपाळाला लावला. शेवटची मनधरणी करतोय, मधल्याला वाटलं. ती ऐकायची नाही. मग उरलो मी. देवा, हिला आत्ता खोकल्याची उबळ येऊ दे, असंही त्याच्या मनात येऊन गेलं आणि त्याची त्याला लाज वाटली.

अक्काचं नाव पुकारलं. ती माईकपुढे उभी राहिली तेव्हा सभागृहात खुर्च्या सरकल्याचे आवाज थांबले. बहीण बोलणार, भाऊ समोर बसलाय. असा तमाशा रोज बघायला मिळत नाही. तिने आधी दवाखान्यातल्या खोल्या सांगितल्या, कुठल्या खोलीत किती खाटा, कुठल्या खोलीत गळतं. पुलाबद्दल बोलली. तिचा आवाज चांगला लागला होता. मधल्याने बाहेरचे भोंगे थोडे चढवले. अंगणातल्या एका बाईने कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पुढे आली.

मग अक्का म्हणाली, "आता त्या रविवारचं सांगते. दार बंद होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. ते दार..."

मेजेवर धाकट्याने चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

पुढे काय झालं ते मधल्याला नंतर कितीदा आठवून पाहिलं तरी सांगता यायचं नाही. विचार करायला वेळ नव्हता असं म्हणावं, तर हात चांगला सावकाश फिरला होता, नेहमीसारखा, कसबाने. बारीकशी शिट्टी वाजली. अक्काचा आवाज उतरत उतरत गेला. तिचे ओठ हलत होते. अंगणातले भोंगे गप्प झाले.

कुणी 'आवाज' म्हणून ओरडलं नाही.

अक्का बोलायची थांबली. तिने माईककडे नाही पाहिलं, सरळ त्याच्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. लहानपणी तो भांडणात खोटं बोलायचा तेव्हा ती पाहायची तसं पाहिलं, आधीच ठाऊक असल्यासारखं. मग दोन्ही हात समोर धरून ती तिथेच उभी राहिली.

अध्यक्षबाईंनी विचारलं, काय झालं? सगळं सभागृह मधल्याकडे वळलं. त्याने सवयीने एक वायर हातात घेतली, हलवली, आणि म्हणाला, "वायर सैल होती, बाई."

"वायर सैल होती," अध्यक्षबाईंनी सभागृहाला सांगितलं.

मागून काठीचा आवाज येत होता. नाना उठले होते. रांगांच्या मधून ते चालत आले, लोक पाय आवरून त्यांना वाट देत होते. त्यांचे कान आता मंद झाले होते, घरात तीनदा हाक मारावी लागे. पण बिघडलेला आवाज तुटतो आणि उतरवलेला उतरतो, हा फरक ज्याने शिकवला त्याला तो कळायला कितीसे कान लागतात? ते टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"ऊठ," ते म्हणाले.

मधला उठला. नाना त्याच्या खुर्चीत बसले, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि बटणावर हात ठेवला. सकाळी भावाची मान राख म्हणणारा हाच म्हातारा. आता कुणाची मान राखायची ते त्याने कुणाला सांगितलं नाही. अक्काकडे बघून फक्त मान हलवली.

"परत सांगू, की तिथून पुढे?" अक्काने विचारलं. अंगणातून तिचा आवाज घुमून आत आला.

"तिथून पुढे सांगा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

मधला भिंतीला टेकून उभा होता. कुठे बघावं कळत नव्हतं, हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं. एवढी वर्षं या सभागृहात तो आवाज ऐकत आला होता: खालचा किती, वरचा किती, घुमतोय का, फाटतोय का. शब्द त्याच्या कानांवरून जायचे. आज हातात बटण नव्हतं, तर शब्द ऐकण्यावाचून इलाज उरला नाही.

"ते दार मी लावलं होतं," अक्का म्हणाली. "आतून. मला तोंडी सांगणं होतं की रविवारी कुणाला घ्यायचं नाही. मी आत होते, औषधांची कपाटं लावत होते. बाईने दार वाजवलं. मी काचेतून बघितलं. तिला खूण केली, पलीकडे जा. मला दिसत होतं की तिच्याकडे तेवढा वेळ नाही. माझं सगळं आयुष्य तेच बघण्यात गेलंय. तरी मी खूणच केली. कडी काढायला काय लागतं? सांगणाऱ्याने सांगितलं असेल, पण कडी माझ्या हातात होती. कुणी म्हणायच्या आत मी म्हणते. तिच्या घरी जाऊन सांगितलंय, आता इथे सांगते, म्हणजे लिहिलं जाईल. विभाग बंद करा, नका करू, तुम्ही ठरवा. पण पूल होईपर्यंत ते दार उघडं ठेवा, आणि ज्याच्या हातात कडी असेल त्याला कुणाच्या सांगण्याची गरज पडू देऊ नका."

ती जाऊन बसली. टाळ्या झाल्या नाहीत. अंगणात कुणाचं तरी पोर रडायला लागलं, आईने त्याला थोपटलं, ते भोंग्याशिवायही आत ऐकू आलं.

मधल्याच्या डोळ्यांपुढे ती काच आली, काचेमागे अक्का, पलीकडे जा म्हणून हलणारा हात. ती भावाचं नाव घेणार म्हणून घर सकाळपासून श्वास रोखून बसलं होतं. तिला घ्यायचं होतं ते स्वतःचं नाव. आणि नेमकं तेच त्याने गिळायला लावलं होतं.

मग धाकटा उभा राहिला. चष्मा अजून टेबलावरच होता, त्याशिवाय त्याचा चेहरा उघडाबोडका दिसत होता. "सांगणारा मी होतो," तो म्हणाला. "लेखी काही नाही, कारण मीच ठेवलं नाही. ठराव मी मागे घेतो." आणखी काहीतरी बोलायचं होतं, पण त्याचा गळा दाटला. नानांची बोटं बटणावर किंचित हलली, सवयच ती. मग थांबली. त्यांनी आवाज उतरवला नाही. धाकट्याचा हुंदका सभागृहभर गेला, अंगणात गेला, आणि नाना खाली मान घालून तो ऐकत बसले.

पुढच्या रविवारपासून दार उघडं राहील, बाकीचं नंतर बघू, असं म्हणून अध्यक्षबाईंनी सुनावणी संपवली.

बोळात मधल्याने धाकट्याला गाठलं. खरं तर त्याला चिडायचं होतं. वाटेकरी मिळाला की लाज अर्धी होते, अशी त्याची आशा होती. मलाच का अडकवलंस, तो म्हणाला. खूण करायची नव्हती ना आज, निदान आज तरी.

धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं. डोळे सुजले होते.

"मी खूण केलीच नव्हती, दादा. अक्काने मला आधीच सांगितलं होतं, इथेच, या बोळात, ती काय बोलणार आहे ते. मला म्हणाली, तुझं नाव मी घेणार नाही, तुला घ्यायचं तर तू घे." त्याने नाक पुसलं. "मी डोळे पुसायला चष्मा काढला होता."

मधल्याला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. भाऊ रडत होता. नाना शिकवायचे ते नेमकं हेच, माणूस रडायच्या बेतात आला की ओळखायचं. त्याला भाऊ रडताना दिसला नाही, चष्मा दिसला.

"मग तू मला आधी सांगायचंस," तो कसंबसं म्हणाला.

"काय सांगायचं?" धाकट्याने विचारलं. "आज अक्काचा आवाज कमी करू नकोस, हे?"

सभागृह रिकामं झालं. भोंगेवाल्यांच्या घरात एक रीत होती: कार्यक्रम आटोपला की वायरी सगळ्यांनी मिळून गुंडाळायच्या, कोपर आणि तळहात यांच्यामधून, पीळ न पडू देता. लहानपणी तिघं भावंडं स्पर्धा लावायची. धाकटा सभासद झाल्यापासून त्याने वायरीला हात लावला नव्हता. आज त्याने बाह्या वर केल्या आणि मुकाट एक टोक उचललं. दुसरं अक्काने उचललं. दोघं दोन टोकांकडून गुंडाळत मध्ये येत होती. मधला तिसरी वायर उचलायला वाकला, आणि ती उचलायचा आपल्याला हक्क आहे की नाही हे न कळून तसाच वाकलेला राहिला. नाना खुर्चीतून उठले नव्हते. मशीन बंद झालं होतं तरी त्यांचा हात बटणावर होता.

"अक्का," मधला म्हणाला.

"हं."

चुकलो म्हणावं, तर केवढंसं वाटलं असतं ते. अक्का वायर गुंडाळतच राहिली.

टंकलेखिका अजून मेजेपाशी होती. इतिवृत्ताचा कच्चा मसुदा तिला आजच पुरा करायचा होता. तिने हेडफोन गळ्यात सोडला आणि मधल्याला हाक मारली. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"परिचारिकाबाईंच्या बोलण्यात मध्ये खंड पडलाय," ती म्हणाली. "तिथे कारण टाकावं लागतं. तुम्ही अध्यक्षबाईंना सांगितलंत ते टाकू? वायर सैल होती?"

तिची बोटं कळफलकावर तयार होती. हो म्हणणं इतकं सोपं होतं, आणि हो म्हणण्यात तर त्याचा हातखंडा. मागे वायर गुंडाळल्याचा आवाज येत होता.

"नाही," मधला म्हणाला. तो शब्द त्याच्या तोंडात परका वाटला. "वायर नीट होती. लिहा, माईकवाल्याने आवाज कमी केला."

त्याला वाटलं होतं, ती दचकेल, निदान वर बघेल. तिने मान डोलावली आणि ते टंकून टाकलं, एखाद्याने आपला पत्ता सांगावा आणि आपण तो लिहून घ्यावा तसं. मग हाताजवळच्या कपाटाकडे, जिथे जुन्या सुनावण्यांची इतिवृत्तं रांगेने उभी होती तिकडे पाहून, आवाजात कसलीही खोच न ठेवता तिने विचारलं,

"आजचंच दुरुस्त करू, की आधीचीही काढू?"

मागचा गुंडाळल्याचा आवाज थांबला. मधल्याने वळून पाहिलं नाही. त्याला मासळीवाली आठवली, माईक बाजूला सारणारी. वही ओढून घेणारी ही बाई आठवली. आणि इतक्या वर्षांत एकदाही 'आवाज' म्हणून न ओरडलेलं ते सभागृह, मुकाट बसलेलं, त्याच्याकडे बघणारं.

त्याने खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला.

"पहिला कोण होता ते आठवतंय," तो म्हणाला. "पण तो दारू प्यायलेला होता, तो राहू द्या. त्याच्यानंतर मास्तर."